दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतोय? आधी नळीचा जोड बघा

मी गोव्यात एसी दुरुस्तीची कामे करतो. एप्रिल लागला की फोनवर एकच वाक्य ऐकू यायला लागते. (मेस्त म्हणजे आपल्याकडचा कारागीर.) "मेस्ता, गेल्या वर्षीच गॅस भरला होता, परत थंड करत नाही." पत्ता म्हापशाचा असो, कळंगुटचा की दोनापावलचा, तक्रार तीच. मग कोणीतरी येतो, गेज लावतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि पुढच्या एप्रिलपर्यंत प्रकरण मिटते. हे चक्र मी अनेक घरांत तीन-तीन, चार-चार वर्षे चाललेले पाहिले आहे, आणि ते थांबवता येते म्हणूनच हे लिहितो आहे.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर गेला आहे, दुसरे कारण नाही. ती जागा शोधल्याशिवाय वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. स्प्लिट एसीत ती जागा बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडते: एक फ्लेअर नट, म्हणजे नळीचे रुंदावलेले तोंड मशीनला आवळून धरणारा नट, आणि दुसरा, नळी लांबवण्यासाठी आग लावून दिलेला जोड. फ्लेअरबद्दल थोडक्यात शेवटी सांगतो. इथे मुख्य विषय तो जोड, ज्याला आपली कामावरची मुले 'वेल्डिंग' म्हणतात. खरे म्हणजे ते ब्रेझिंग. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो, ब्रेझिंगमध्ये तांबे घट्टच राहते आणि ४५० अंशांच्या वर वितळणारी रॉड दोन नळ्यांच्या मधल्या फटीत शिरते. हा फरक नीट समजला की अर्ध्या चुका आपोआप टळतात.

पर्वरीचे एक घर सांगतो. दीड टनाचा एसी, गॅस आर-३२. आउटडोअर गच्चीवर ठेवायचे ठरल्यामुळे कंपनीबरोबर आलेली नळी अपुरी पडली आणि बसवणाऱ्याने दोन मीटर जोडली. काकी म्हणाल्या, "तीन वर्षांत तीन वेळा गॅस भरला रे. यंदा भरूनही दुपारी हवा कोमटच येते." ही शेवटची ओळ महत्त्वाची. गॅस भरूनही थंड करत नाही, म्हणजे दुखणे एक नाही, दोन आहेत.

गॅस कमी की नळी तुंबलेली?

सक्शनचे, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचे, प्रेशर कमी दिसले की 'गॅस कमी' असे म्हणून मोकळे होणे ही सर्वांत मोठी चूक. कॅपिलरी, म्हणजे गॅस थोडा थोडा पुढे सोडणारी बारीक नळी, किंवा तिच्या आधीची जाळी तुंबली तरीही सक्शन कमीच दिसते. अशा वेळी वरून गॅस टाकला तर काटा थोडा सरकतो, समाधान होते, आणि कॉम्प्रेसरवर विनाकारण भार येतो. बंद मशीनचे प्रेशर बघूनही काही कळत नाही. ३० अंश तापमानाला बंद मशीनमध्ये आर-३२ चे प्रेशर सुमारे २६५ पीएसआय (दाबाचे माप) दाखवेल, जुन्या मशीनमधल्या आर-२२ गॅसचे सुमारे १५८. आत निम्मा गॅस असला तरी तेच, पूर्ण असला तरी तेच, कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानावरच ठरते. इन्व्हर्टर मशीन तर स्वतःचा वेग बदलत असते, त्यामुळे चालू प्रेशरवरूनही छातीठोक सांगता येत नाही.

खात्रीचा मार्ग एकच. आतला सगळा गॅस रिकव्हरी मशीनने रिकाम्या टाकीत ओढून घ्यायचा आणि टाकी वजनकाट्यावर ठेवायची. मशीनच्या प्लेटवर गॅसचे वजन लिहिलेले असते, वाढवलेल्या नळीसाठी कंपनीने सांगितलेले जादा ग्रॅम त्यात मिळवायचे. निघालेले वजन कमी भरले तर गळती. वजन बरोबर असूनही थंडावा नसेल तर तुंबलेली नळी हा पहिला संशय. पर्वरीत गॅस प्लेटपेक्षा जास्त निघाला! गेल्याच आठवड्यात कोणीतरी भरून गेला होता. गळती होतीच, पण थंड न होण्याचे त्या दिवसाचे कारण वेगळे होते.

गॅस हवेत सोडून देऊ नका, हे इथेच सांगतो. एक किलो आर-४१०ए (हाही एसीतलाच गॅस) हवेत सोडला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आर-३२ बराच बरा, पण तोही कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. टाकीत घेतला तर वजनही कळते आणि हवाही वाचते.

गळतीची जागा डोळ्यांनीच सापडली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. जिथून गॅस जातो तिथे तेल झिरपते आणि त्यावर धूळ बसते. जिप्समच्या पेटीमागे काळ्या इन्सुलेशनवर हाताच्या पंजाएवढा चिकट डाग होता. इन्सुलेशन उभे चिरले तर आत जोडावर रॉडचा हा मोठा गोळा. वरून बघणाऱ्याला भक्कम वाटेल असा. गोळ्यावर दोन वेगवेगळे रंग स्पष्ट दिसत होते. म्हणजे पहिला जोड गळला, मग कोणीतरी त्याच्यावरच पुन्हा रॉड फिरवली.

तो तुकडा मी कटरने कापून घेतला आणि घरी व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने उभा चिरला. माझ्याकडच्या मुलांना मी असे चिरलेले जोड मुद्दाम दाखवतो, कारण दहा वेळा सांगून जे कळत नाही ते एका तुकड्यात दिसते. बाहेरची नळी आतल्या नळीवर जेमतेम पाच मिलिमीटर चढवलेली. त्या पाचातही रॉड दोनच मिलिमीटर आत गेलेली, बाकी सगळी बाहेर गोळा होऊन बसलेली. दोन थरांच्या मध्ये सुईने टोचल्यासारखे छिद्र. आणि नळीच्या आतून काळी कुळकुळीत खपली. नखाने खरवडली तर तव्यावरच्या जळक्या पापुद्र्यासारखी सुटून हातात आली. ही खपली सुटून गॅसबरोबर वाहत गेली आणि जाळीत अडकली. गळणारा जोड आणि तुंबलेली जाळी, दोन्ही दुखण्यांची मुळे त्या बोटभर तुकड्यात होती.

काळी खपली येते कुठून

तांबे गरम असताना हवेतला ऑक्सिजन लागला की त्यावर ऑक्साइड धरतो. बाहेरचा काळेपणा आपण पुसतो, आतला कोण पुसणार? ब्रेझिंगच्या वेळी नळी ६५० ते ८०० अंशांपर्यंत तापते आणि आत हवा भरलेली असते. एका जोडातून निघणारी खपली चिमूटभरसुद्धा नसेल, पण कॅपिलरीचे भोक एक-दोन मिलिमीटरचे असते. इन्व्हर्टरमध्ये कॅपिलरीचे काम करणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हची वाट तर त्याहूनही नाजूक. उरलेली पूड तेलात मिसळून कॉम्प्रेसरच्या बेअरिंगमध्ये फिरते.

यावर उपाय म्हणजे नळीतून कोरडा नायट्रोजन सोडत राहणे. नायट्रोजन हवेला बाहेर ढकलतो, ऑक्सिजनच नसेल तर खपली धरत नाही. पुष्कळ जण हे ऐकून "एका जोडासाठी टाकी कोण वाहून नेणार" म्हणतात. मी म्हणतो, लहान टाकी घ्या, पण घ्या. तिसऱ्या मजल्यावर टाकी चढवण्याचे कष्ट एकदाच पडतात, कॉम्प्रेसर बदलायचे कष्ट आणि खर्च त्याच्या कितीतरी पट.

नायट्रोजन किती सोडायचा यातच बहुतेकांचे चुकते. भरलेल्या टाकीत १५० किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो) आसपास प्रेशर असते, म्हणून रेग्युलेटरशिवाय टाकीला हातही लावू नये. आधी जरा जोरात सोडून आतली हवा बाहेर काढायची, मग मिनिटाला दोन-तीन लिटर इतकाच झुळूकवजा प्रवाह ठेवायचा. फ्लोमीटर नसेल तर रेग्युलेटर ०.२ किलोच्या आसपास. नळीच्या दुसऱ्या तोंडाशी ओला गाल नेला तर मंद वारा जाणवावा, इतपत. आणि ते दुसरे तोंड उघडेच हवे. बंद असेल तर आत प्रेशर साठते आणि वितळलेल्या रॉडमधून नायट्रोजन बुडबुडा फोडून बाहेर येतो. पर्वरीच्या जोडात जसे सुईचे छिद्र होते तसे छिद्र असेही पडते. काही मुले नायट्रोजन लावतात, पण जोड झाल्याझाल्या बंद करतात. नळी अजून तापलेली असते, हवा आत शिरते आणि शेवटच्या मिनिटात खपली धरतेच. नळीला हात लावता येईपर्यंत प्रवाह चालू ठेवा.

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. लहान बंद खोलीत तो साठला तर ऑक्सिजन कमी होऊन माणूस चक्कर येऊन पडतो, आणि आधी काही जाणवतही नाही. खिडकी उघडी ठेवा.

ज्योत पेटवण्याआधी

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. यांतली एकही मी सोडत नाही आणि माझ्याकडच्या मुलालाही सोडू देत नाही.

नळीत गॅस असताना ज्योत लावायची नाही. आर-२२ मध्ये क्लोरीन असते. तो ज्योतीत सापडला की हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लाची वाफ आणि थोडे फॉस्जीन तयार होते. फॉस्जीन पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरले गेले होते. त्याचा त्रास लगेच जाणवेलच असे नाही, फुप्फुसात पाणी काही तासांनी होते, तोवर माणूस घरी जाऊन जेवलेला असतो. जुने लोक ज्योत हिरवी झाली की 'गॅस आहे' असे ओळखायचे. तो हिरवा रंग क्लोरीनमुळे यायचा. आर-३२ आणि आर-४१०ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ज्योतीच्या रंगावर भरवसा ठेवून हे गॅस ओळखता येणार नाहीत. विषारी हायड्रोजन फ्लोराइड मात्र त्यांच्यातूनही निघते.

आर-३२ मंद का होईना, जळतो, आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. म्हणून गॅस काढून घेतल्यावरही नायट्रोजनने नळी धुऊन काढायची, खोलीची दारे-खिडक्या उघडायची, पंखा लावायचा. स्वयंपाकघरातली शेगडी बंद करायला सांगायची. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे देवघरातली समई. काम सुरू करण्याआधी काकींना नम्रपणे सांगा, ती तासभर शांत ठेवतील. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. त्याच्या मशीनवर त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशिवाय कोणीही ज्योत चालवू नये.

जुना जोड ज्योतीने सोडवू नका. तेल आणि विरघळलेला गॅस आत राहिलेलाच असतो, जोड सुटला की नळीतून पिचकारीसारखी पेटती धार येते आणि ती नेमकी तोंडासमोर असते. कटरने कापा. दोन इंच तांबे जाईल, जाऊ द्या.

आणि कळकळीने सांगतो, नळीचे प्रेशर तपासायला ऑक्सिजनची टाकी कधीही लावू नका. टॉर्चसाठी ती शेजारीच उभी असते, नायट्रोजन आणलेला नसतो, 'थोडा सोडून बघू' असा मोह होतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही, कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागलेला हातही लावायचा नाही, तोही याच कारणाने. टॉर्चच्या दोन्ही होजवर ज्योत मागे टाकीकडे जाऊ न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर असू द्या, टाक्या उभ्या आणि बांधलेल्या असू द्या.

आगीचा विषय आपल्याकडे वेगळा आहे, कारण आपली जुनी घरे वेगळी आहेत. काही वर्षांपूर्वी पणजीत फोन्तेन्हास भागात एका जुन्या घरात काम होते. चिऱ्याच्या जाड भिंती, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौले. नळी भिंतीतून वर, वाशांच्या अगदी जवळून गेली होती. जोड मी चांगला दिला, मागे ओले फडकेही धरले होते. काम झाले, हत्यारे पिशवीत भरत होतो. वीसेक मिनिटांनी घरातल्या मुलीने विचारले, "काका, हा धूर कसला?" वाशाच्या सांध्यात उंदराने काथ्या आणि कागद जमवून घर केले होते, ज्योतीची उष्णता तिथवर गेली होती आणि आत निखारा धुमसत होता. ओले गोणपाट दाबून विझवले, वासा फक्त काळा पडला. मी तेव्हा लगेच निघालो असतो तर काय झाले असते, हा विचार आजही नकोसा वाटतो.

तेव्हापासून अशा घरात जोड देतच नाही, नळी सलग टाकतो किंवा जोड बाहेर मोकळ्यावर येईल अशी मापे घेतो. कुठेही जोड द्यायचाच असेल तर आजूबाजूची कोळिष्टके, थर्माकोल, पडदा, वायर बाजूला करतो, मागे आग न धरणारे फायबरचे कापड लावतो, इन्सुलेशन दोन्ही बाजूंना हातभर मागे ओढून ओल्या चिंधीने बांधतो. पाण्याची बादली आणि लहान अग्निशामक हाताशी ठेवतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबतो आणि हात फिरवून भिंत, छत, वायरचे केसिंग तपासतो. ग्राहकाला वाटते मेस्त उगाच बसलाय. त्यांना सांगा का बसलात ते, चहा मिळेल.

जोड देताना

नळी हॅकसॉने कापू नका, कीस आत पडतो. कटर हळू फिरवा, मग तोंड खाली धरून रीमरने आतली धार काढा, म्हणजे कीस बाहेर पडतो. बाहेरून स्क्रबरने चकचकीत घासा आणि नंतर घासलेल्या जागी बोट लावू नका. आपल्या हातांना घाम असतो, एप्रिलमध्ये तर धारा लागतात, आणि घामाच्या डागावर रॉड पसरत नाही. स्वेजिंगने, म्हणजे एका नळीचे तोंड रुंद करून, केलेला कप नळीच्या व्यासाइतका खोल असावा. अर्ध्या इंचाची नळी असेल तर साधारण बारा मिलिमीटर. दोन नळ्यांतली फट एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नळी हलकेच सरकावी, पण लडबडू नये. फट मोठी झाली की रॉड आत ओढली जात नाही. पक्कडीने चेपून फट बुजवणाऱ्यांनी असे समजावे की जोड तिथेच फसला.

तांब्याला तांबे जोडायचे तर फॉस्फरसची रॉड. तिला वेगळा फ्लक्स, म्हणजे धातूवरचा ऑक्साइड काढणारा लेप, लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. चांदी नसलेली रॉड चालते, पण पाच किंवा पंधरा टक्के चांदीची रॉड फटीत जास्त सहज वाहते आणि कंपनांना जास्त तग धरते. आउटडोअरजवळच्या जोडाला मी चांदीचीच वापरतो. पितळेचा भाग असेल तर फ्लक्स हवाच. लोखंडी भाग असेल, उदाहरणार्थ काही ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारे डबे) किंवा कॉम्प्रेसरच्या नळ्या, तर फॉस्फरसची रॉड अजिबात नको. लोखंडाशी फॉस्फरस ठिसूळ थर करतो, जोड आज धरतो आणि पुढे तडकतो. तिथे जास्त चांदीची, फ्लक्स लावून वापरायची रॉड घ्या, आणि ती कॅडमियम नसलेली आहे ना हे पाकिटावर वाचून घ्या, कॅडमियमचा धूर विषारी असतो. काम झाल्यावर फ्लक्स ओल्या फडक्याने पूर्ण पुसा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेला फ्लक्स तांबे खात बसतो.

सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ (जिथे गेज लावतो तिथे) जोड असेल तर आतली पिन काढून घ्या, व्हॉल्व्हला ओले फडके गुंडाळा, पण त्याचे पाणी जोडाच्या फटीत उतरणार नाही असे बघा.

आता ज्योत. आधी आत जाणारी नळी जोडापासून इंचभर अलीकडे तापवायची, मग कप, आणि ज्योत सतत हलती. निळ्या आतल्या शंकूचे टोक तांब्याला टेकवायचे नाही. पाव इंचाच्या नळीची जाडी जेमतेम ०.८ मिलिमीटर, एका जागी ज्योत थांबली तर तिला भोक पडायला फार वेळ लागत नाही. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि आपण ८०० पर्यंत जाणार, मधे जागा फार नाही. रंग बघा. तांबे आधी काळवंडते, मग मंद लाल होते. तोच क्षण. भडक नारिंगी झाले तर उशीर झाला. भर दुपारच्या उन्हात गच्चीवर हा मंद लाल रंग दिसतच नाही, म्हणून नळी जास्त तापते. मी पुठ्ठ्याची सावली धरायला मुलाला उभा करतो, त्याने समुद्राकडचा वाराही अडतो.

रॉड ज्योतीत वितळवून वरून थेंब टाकायचे नाहीत, पर्वरीत नेमके हेच झाले होते. ज्योतीच्या विरुद्ध बाजूने रॉडचे टोक कपाच्या कडेला टेकवायचे. नळीच्या उष्णतेने ते वितळले पाहिजे. नळी पुरती तापली असेल तर डोळ्यांसमोर बघता बघता रॉड फटीत ओढली जाते, जमिनीने पहिल्या पावसाचे पाणी प्यावे तशी, आणि कडेला गोल, गुळगुळीत, बारीकशी रेघ उरते. ही रेघ सगळीकडून सलग दिसली की थांबा. आणखी रॉड घातल्याने मजबुती वाढत नाही. मागची बाजू दिसत नसेल तर लहान आरसा धरा. भिंतीकडची बाजूच बहुतेक वेळा अर्धवट राहते. जोड लाल असताना हलवू नका, पाणी ओतून थंड करू नका.

जुन्या गळक्या जोडावर पुन्हा रॉड फिरवणे हा उपाय नव्हेच. आतले तेल तापून वाफ होते आणि नव्या थरातूनही वाट काढते. कापा, साफ करा, नवीन तुकडा घाला.

जोड झाल्यावर

पर्वरीत दोन मीटरऐवजी पूर्ण नवी सलग नळी टाकता आली असती तर मी तेच केले असते. तिथे नळी भिंतीत पुरलेली होती, म्हणून एक जोड द्यावाच लागला, पण तो जिप्समच्या पेटीबाहेर, हात पोचेल असा घेतला. तुंबलेली जाळी बदलली, नळ्या नायट्रोजनने झटके देऊन फुंकून काढल्या. फडक्यावर काळी पूड पडली ती काकींना दाखवली.

मग नळीत नायट्रोजन भरून गळती तपासायची. प्रेशर एकदम चढवायचे नाही. आधी ५ किलो, काही मिनिटे थांबून १५ किलो, मग पुढचे, आणि तेही मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. साबणाचे पाणी ब्रशने लावून प्रत्येक जोडाजवळ मिनिटभर डोळे लावून बसा, बारीक गळतीचा फेस लगेच येत नाही, हळूहळू साचतो. नंतर ते पाणी पुसून टाका. पर्वरीत संध्याकाळी २८ किलोवर व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा गच्चीवर २९ अंश होते. सकाळी २६ अंशांना काटा २७.७. काकी काळजीत पडल्या, "कमी झालं की रे!" पण तीन अंश उतरले की एवढे प्रेशर उतरायलाच हवे, साधारण अंशाला ०.१ किलो. तापमान लिहून ठेवले नसते तर मीही उगाच गळती शोधत बसलो असतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढणे. गोव्याच्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, नळीचे तोंड तासभर उघडे राहिले तरी आत ओल शिरते, आणि आर-३२ व आर-४१०ए चे तेल पाणी शोषून घेते, त्यातून पुढे आम्ल तयार होते. म्हणून नळ्यांची तोंडे काम सुरू होईपर्यंत टोपी घालून ठेवा. व्हॅक्यूम 'वीस मिनिटे' असे घड्याळावर मोजू नका, व्हॅक्यूम बारकाईने मोजणारे मायक्रॉन गेज लावा. ५०० मायक्रॉनच्या खाली उतरवा, पंपाची वाट बंद करून दहा मिनिटे बघा. काटा थोडा वर जाऊन थांबला तर ओल शिल्लक आहे, चढतच राहिला तर गळती. गॅस वजन करून भरा.

फ्लेअरबद्दल सांगतो म्हटले होते. घरातला फ्लेअर एकदा उघडला की जुने तोंड पुन्हा आवळू नका, कापून नवे करा. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरा: पाव इंचाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचाला ५० ते ६०. जोर लावून आवळलेला नट पुढे तडकू शकतो.

नवीन फ्लॅटमध्ये नळ्या भिंतीत पुरायच्या असतील तर मालकांनो, गिलावा होण्याआधी एकदा तरी स्वतः जाऊन बघा. भिंतीत जाणाऱ्या भागात जोड नको, हे गवंड्याला आणि एसीवाल्याला दोघांनाही समोरासमोर सांगा. नळीत नायट्रोजनचे प्रेशर भरून गेज लावून ठेवा, गिलावा आणि फरशी होईपर्यंत तसेच राहू द्या. कोणाची ड्रिल नळीत घुसली तर काटा त्याच दिवशी सांगेल. आणि प्रत्येक जोडाचा, तो झाकण्याआधीचा, टेपने अंतर दाखवणारा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पर्वरीच्या आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख, भरलेल्या गॅसचे वजन आणि जोडाची जागा लिहून आलो आहे. पुढचा मेस्त मी नसलो तरी त्याला गेज लावण्याआधी ते वाचता येईल.